ऑलमोस्ट फेमस: लांब आवृत्ती पुन्हा पाहताना

उलटी चाल (धागाकर्ता)

डीव्हीडीचा जमाना आला तेव्हा सिनेमातून कापलेले प्रसंग ढिगाने बाहेर आले. त्यातले बरेचसे पाहून कापणाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात. पण २००१ च्या एका डीव्हीडीवरचा एक प्रसंग याला अपवाद आहे. पंधरा वर्षांचा एक मुलगा आपल्या आईला समोर बसवतो आणि लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवतो. रॉक म्हणजे नुसता धिंगाणा नव्हे हे तिला पटावं आणि तिने आपल्याला एका बँडबरोबर दौऱ्यावर जाऊ द्यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. आता गंमत बघा. ते गाणं वापरायची परवानगीच मिळाली नाही. म्हणून पडद्यावर सूचना येते की तुमच्याकडे असेल तर गाणं आता लावा. आठ मिनिटं गाणं वाजवायचं आपण आणि चेहरे बघायचे त्यांचे. थिएटरात हे शक्यच नव्हतं. घरच्या पडद्यासाठीच जन्मलेला असा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

सिनेमा अर्थात 'ऑलमोस्ट फेमस'. लेखक-दिग्दर्शक कॅमेरॉन क्रो, साल २०००. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९७३, सॅन डिएगो. विल्यम मिलर (पॅट्रिक फ्युजिट) हा शाळकरी मुलगा संगीतावर लिहितो. 'रोलिंग स्टोन' मासिकाला त्याचं वय माहीत नाही, फोनवर तो आवाज जाड करून बोलतो. ते त्याला स्टिलवॉटर नावाच्या होतकरू बँडवर लेख लिहायला पाठवतात. मग बस, हॉटेलं, गिटारवादक रसेल (बिली क्रुडप), आणि बँडमागे फिरणाऱ्या मुलींमधली पेनी लेन (केट हडसन). घरी काळजीने अर्धी झालेली आई (फ्रान्सेस मॅकडॉरमंड). स्टिलवॉटर काल्पनिक आहे, पण बाकी बरंचसं क्रोचं स्वतःचं. तो खरोखरच कोवळ्या वयात 'रोलिंग स्टोन'साठी लिहीत होता आणि १९७३ मध्ये ऑलमन ब्रदर्स या बँडबरोबर दौऱ्यावर गेला होता. त्या दौऱ्यात ग्रेग ऑलमनने त्याच्यावर संशय घेऊन मुलाखतीच्या टेप काढून घेतल्या होत्या, नंतर परत दिल्या.

थिएटरात आला तो १२२ मिनिटांचा. लांब आवृत्ती १६२ मिनिटांची, तिचं नाव 'अनटायटल्ड', खाली 'बूटलेग कट'. क्रोला मुळात सिनेमाचंच नाव 'अनटायटल्ड' ठेवायचं होतं, स्टुडिओने ऐकलं नाही. २०२१ साली पॅरामाउंटने ४के डिस्क काढली, तिच्यात दोन्ही आवृत्त्या आहेत. मी लागोपाठ दोन रात्री दोन्ही पाहिल्या आणि हा धागा त्यातूनच आला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला 'मुलगा मोठा होतो' छापाचा गोड सिनेमा वाटला होता. पेनी लेन, बसमधलं गाणं, झालं. आता वाटतं की पेनीचं प्रेमप्रकरण हे वरचं आवरण आहे. सिनेमा आहे लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहायचं तो माणूस, या दोघांतल्या व्यवहाराबद्दल. सुरुवातीलाच लेस्टर बँग्स (फिलिप सीमर हॉफमन) पोराला बजावतो की या लोकांशी मैत्री करू नकोस. ते दारू पाजतील, मुलींशी ओळख करून देतील, तुला आपल्यातला म्हणतील, आणि त्या क्षणापासून तुझं लिखाण संपलं. हा बँग्स खरा माणूस होता. 'क्रीम' मासिकाचा संपादक, १९८२ मध्ये ३३ व्या वर्षी गेला. त्याला १९७३ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने काढून टाकलं होतं, कारण तो कलाकारांबद्दल आदराने लिहीत नसे. हे ठाऊक असलं की त्याच्या उपदेशाला वेगळीच धार येते. ज्या मासिकाने याला हाकललं त्याच्याच दारात हा पोर चाललाय, आणि तरीही तो त्याला अडवत नाही.

विल्यम अर्थातच ऐकत नाही. मैत्री करतो. बँडवाले त्याला थट्टेने 'शत्रू' म्हणतात आणि त्याच्यासमोर सगळं बोलतात. रसेल तर सरळ सांगतो, आम्ही चांगले दिसू असं लिही. पुढे लेखातली माहिती पडताळायला मासिकातून फोन येतो तेव्हा हाच रसेल सगळं नाकारतो. मोठ्यांपैकी कुणीतरी विल्यमला पहिल्यांदा बरोबरीच्या माणसासारखं वागवलेलं असतं आणि एका फोनवर ते सगळं रद्द होतं. पेनीने नकार दिला त्यापेक्षा हे जास्त लागतं, निदान मला तरी लागलं.

लांब आवृत्तीत हा धागा ठळक होतो, कारण बँड लहान होतो. म्हणजे असं: एका रेडिओ केंद्रावर मुलाखत आहे. निवेदक (कायल गॅस) इतका तर्र की बोलता बोलता झोपतो. मुलाखत कोण घेतंय याचाच पत्ता नाही आणि हे लोक माइकसमोर शिव्या देत सुटतात. छोट्या आवृत्तीत स्टिलवॉटर हे मोठे होऊ घातलेले तारे वाटतात. लांब आवृत्तीत ते कंटाळलेले, एकमेकांवर खार खाणारे, गावोगाव फिरणारे नोकरदार वाटतात. अशा लोकांबद्दल खरं लिहिणं अवघड, कारण त्यांची दया येते.

दोन्ही आवृत्त्या पाहिलेल्यांनी बोला. एकच पाहिलेल्यांनीही बोला. पुढे कथानक उघड होणार, तेव्हा न पाहिलेल्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावे.

---

नाक्यावरचा

वाचतोय. केबलवर तुकड्यातुकड्यात पाहिलाय, त्यामुळे माझी आवृत्ती साधारण ८० मिनिटांची आणि जाहिरातींसकट. त्यात विमानाचा प्रसंग नेहमी सापडायचा आणि शेवट कधीच नाही.

---

बासवाला

झकास धागा. मी संगीताच्या बाजूने भर घालतो, कारण या सिनेमात बँड खोटा असला तरी वाजवणारे खरे आहेत.

स्टिलवॉटरची गाणी नॅन्सी विल्सन (हार्ट बँडची, तेव्हा क्रोची बायको) आणि पीटर फ्रॅम्टन वगैरेंच्या हातची. रसेलची गिटार पडद्यामागे वाजवलीय पर्ल जॅमच्या माइक मक्रेडीने. बँडचा गायक जेफ झालेल्या जेसन लीचा गाण्यातला आवाज मार्टी फ्रेडरिक्सनचा. क्रुडपला गिटार येत नव्हती, फ्रॅम्टनने त्याला शिकवली. आणि ते दिसतं. इतर सिनेमांत नट गिटारीच्या मानेवर हात नुसता वरखाली फिरवत असतो आणि सूर भलतीकडेच असतो. इथे बोटं गिटारीच्या बरोबर त्या त्या पट्टीवर (फ्रेटवर) पडतात. 'फीव्हर डॉग' ऐका. १९७३ च्या मधल्या फळीतल्या बँडचं गाणं जेवढं चांगलं असायला हवं तेवढंच ते चांगलं आहे, त्याहून जास्त नाही. मुद्दाम 'जवळजवळ' चांगलं गाणं लिहिणं किती कठीण असतं हे ज्यांनी चाली बांधल्यात त्यांना विचारा. लांब आवृत्तीच्या त्या पहिल्या डीव्हीडी संचात स्टिलवॉटरच्या सहा गाण्यांची सीडीही होती.

एक खास गोष्ट. कथेत पेनीला पत्त्यांच्या डावात हंबल पाय या बँडला देऊन टाकतात, ५० डॉलर आणि बिअरच्या एका खोक्याच्या बदल्यात. हंबल पाय खरा बँड, आणि फ्रॅम्टन एकेकाळी त्यातच वाजवायचा! सिनेमात तो हंबल पायच्याच माणसाची छोटी भूमिकाही करतो.

झेपलिनबद्दल: 'स्टेअरवे' दिलं नाही हे खरं, पण 'दॅट्स द वे', 'टँजरीन', 'मिस्टी माउंटन हॉप' दिली. गाणी सिनेमाला देण्यात हे लोक फार हात आखडणारे म्हणून प्रसिद्ध होते. क्रोने लंडनला जाऊन झेपलिनच्या पेज आणि प्लांटला सिनेमा दाखवला, तेव्हा काम झालं. रसेल टोपीकात कुणाच्या तरी घराच्या छपरावर चढून 'मी सोन्याचा देव' अशी आरोळी ठोकतो ना, ती मूळ प्लांटची. लॉस एंजेलिसच्या हॉटेलच्या गच्चीतून मारलेली.

अवांतर: हेच दोघे, पेज आणि प्लांट, १९७२ मध्ये मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवलं आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित केली. ती मुद्रणं २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. तबला-सारंगीवाल्यांना तो ठेका समजावून देतानाचं तिथलं वातावरण काय असेल! त्या खोलीत एक विल्यम मिलर हवा होता.

---

ओवी

धागा छान आहे, पण मला कुणीतरी पाणी ओतायला हवंच होतं, तर मीच ओतते.

पेनी आणि तिच्या मैत्रिणी म्हणतात, आम्ही ग्रुपी (बँडवाल्यांच्या मागे लागणाऱ्या पोरी) नाही, आम्ही 'बँड एड', आम्ही संगीतासाठी इथे आहोत. सिनेमा हे ऐकतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. पेनी आपलं खरं वय सांगते तेव्हा ते सोळा निघतं आणि तो प्रसंग मिस्कील म्हणून खपवलाय. सोळा! समोरचा पुरुष रसेल, बँडचा कर्ताधर्ता, घरी त्याची जोडीदार लेस्ली आहे. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये शाळकरी मुलींचं काय चालत होतं यावर नंतर पुष्कळ लिहून आलंय. क्रोला ते माहीत नसणं शक्य नाही, तो तिथेच होता. त्याने त्यावर सोनेरी उजेड सोडलाय. (छायाचित्रणकार जॉन टोल. उजेड अप्रतिमच आहे, तक्रार तीच आहे.)

दुसरं, हॉटेलात तीन मुली मिळून पंधरा वर्षांच्या विल्यमचं 'कौमार्य घेतात' तो प्रसंग. मुलगा नको म्हणतोय. मुलगी असती तर हाच प्रसंग विनोदी पार्श्वसंगीतावर दाखवला असता का?

तिसरं मला सर्वांत खुपतं. पेनीने गोळ्या खाल्ल्यात, ती अर्धवट शुद्धीत आहे, विल्यमने डॉक्टरला बोलावलंय, आणि डॉक्टर येईपर्यंत तो तिला प्रेमाची कबुली देतो आणि तिचं चुंबन घेतो. मग डॉक्टर तिचं पोट साफ करत असताना वर स्टीव्ही वंडरचं 'माय शेरी अमूर'. गाण्याची निवड भन्नाट आहे हे मान्य. पण ती कुणाच्या नजरेतून आहे? ओकणाऱ्या मुलीकडे मुग्ध होऊन बघणाऱ्या पोराच्या. पेनीला त्या रात्री काय वाटलं हे आपल्याला कधीच कळत नाही.

केट हडसनचं काम मात्र बावनकशी. बिअरचं खोकं हा आपला भाव कळल्यावर डोळ्यांत पाणी आणि ओठावर हसू ठेवून ती फक्त 'कुठली बिअर?' असं विचारते, तिथे दिग्दर्शकापेक्षा नटीला जास्त कळलंय. (मुळात ती विल्यमच्या बहिणीची भूमिका करणार होती, पेनी करणार होती सारा पॉली. हे वाचून मी बराच वेळ दुसरा सिनेमा डोक्यात चालवून बघितला.)

---

उलटी चाल

ओवी, तिन्ही मुद्दे वाचले. चुंबनाच्या प्रसंगाचा बचाव माझ्याकडे नाही. मला तो तसा खुपला नव्हता आणि आता खुपणार.

पण सिनेमा मुलींच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो, याच्याशी असहमत. पन्नास डॉलरचा व्यवहार कथेत आहे तो कशासाठी? 'आम्ही संगीतासाठी आहोत' या वाक्याची किंमत काय, ते दाखवण्यासाठीच ना. आणि ती किंमत तिला सांगतो कोण? विल्यम. म्हणजे पुन्हा वार्ताहर. खरं सांगण्याची पहिली तालीम तो तिच्यावर करतो आणि त्या सत्याने ती मोडते. बँग्सने शिकवलेला निर्दय प्रामाणिकपणा पहिल्यांदा चुकीच्या माणसावर चालवला जातो. लेख लिहिताना तो जिथे चालवायला हवा तिथे मात्र पोराचे हात थरथरतात.

---

जर्सीकर

आईबद्दल कुणीच बोललं नाही? या सिनेमात मला सगळ्यांत जास्त आवडणारं पात्र तेच आहे.

एलेन मिलर प्राध्यापिका आहे. घरात सोयाबीनचे बर्गर, नाताळ सप्टेंबरात (बाजारूपणा टाळण्यासाठी), रॉकवर बंदी, आणि मुलाला दोन इयत्ता पुढे ढकलून त्याचं खरं वय त्यालाच सांगितलेलं नाही. सायमन-गारफंकलच्या रेकॉर्डच्या वेष्टनावरचे डोळे बघून ती निदान करते की हे दोघं गांजा प्यालेत. हे सगळं हास्यास्पद आहे, पण सिनेमा तिला हास्यास्पद करत नाही. मुलगी (झोई डेशानेल) घर सोडते तेव्हा कारण सांगण्याऐवजी 'अमेरिका' हे गाणं लावते आणि आई ते उभ्या उभ्या ऐकते. पुढे रसेलला ती फोनवर जे झापते! ग्योथेचं वचन ऐकवते आणि तो रॉकस्टार शाळेतल्या पोरासारखा 'हो मॅडम' वर येतो. मॅकडॉरमंड आणि हडसन दोघींनाही ऑस्कर नामांकन होतं. मिळालं फक्त पटकथेला.

लांब आवृत्तीच्या डिस्कवर क्रोची समालोचन-फीत आहे ती जरूर ऐका, कारण त्याच्या शेजारी त्याची खरी आई अ‍ॅलिस बसलेली आहे. आपल्यावर बेतलेलं पात्र पडद्यावर बोलतंय आणि मूळ बाई त्यावर मत देतेय. सिनेमाने तिला शेवटचा शब्द दिला नसेल तर या फितीने दिलाय.

इथे ब्रॉडवेवर याचं संगीत नाटक आलं होतं, २०२२ च्या शेवटी. दोनतीन महिन्यांत बंद पडलं. मी पाहिलं. नवी गाणी वाईट नव्हती, पण पात्रं आपल्या मनातलं गाऊन दाखवायला लागली की या गोष्टीतला जीव जातो. सिनेमात हे लोक मनातलं सांगायला दुसऱ्याची रेकॉर्ड लावतात. सॅन डिएगोत त्याचे प्रयोग २०१९ मध्ये सुरू झाले त्याच दिवसांत अ‍ॅलिस क्रो गेल्या.

---

नाटक्या

> सिनेमात हे लोक मनातलं सांगायला दुसऱ्याची रेकॉर्ड लावतात.

हे वाक्य झेरॉक्स काढून ठेवण्यासारखं.

मी काही वर्षं नाटकांची परीक्षणं लिहायचो आणि एका कंपनीच्या बसमधून त्यांच्याबरोबर दौराही केलाय, त्यामुळे हा सिनेमा बघताना पोटात गोळा येतो. मागच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर भडंग खाल्लं, नायकाची पाठदुखी ऐकली, व्यवस्थापकाने उचल कशी बुडवली ते ऐकलं, की मग दुसऱ्या अंकात नाटक पडतं हे लिहिताना पेन जड होतं. मी काय केलं? 'दुसऱ्या अंकाची लय अधिक बांधीव होऊ शकली असती' असं लिहिलं. लिहिणाऱ्यांच्या जमातीत या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, वाचकाला सोडून.

म्हणून 'टायनी डान्सर'च्या प्रसंगाकडे मी संशयाने बघतो. आदल्या रात्री रसेल बँडशी भांडून पळालेला, टोपीकात पोरांच्या पार्टीत नशा करून छपरावरून उडी मारलेला. सकाळी त्याला बसमध्ये आणून कोंबलाय, कुणी कुणाशी बोलत नाही. टेपवर एल्टन जॉन सुरू होतो. एकेक जण गुणगुणायला लागतो आणि कडव्यागणिक भांडण विरघळतं. विल्यम म्हणतो मला घरी जायला हवं, आणि पेनी म्हणते तू घरीच आहेस. लोक या प्रसंगाला रडतात. मी पण रडतो. पण उलटी चाल यांचं म्हणणं धरलं तर हाच तो सापळा, ज्याबद्दल बँग्सने सांगितलं होतं. गाणं संपेपर्यंत विल्यम वार्ताहर राहिलेला नाही. क्रोने सापळा इतका देखणा रचलाय की आपणही त्यात सापडतो. (गाणं १९७२ मध्ये अमेरिकेत ४१ व्या क्रमांकाच्या वर चढलं नव्हतं. आज ते एल्टन जॉनच्या पहिल्या पाच गाण्यांत मोजतात, यात या बसचा हात मोठा.)

आणि हॉफमन. शेवटाकडचा बँग्स आणि विल्यमचा तो फोन. क्रोने तो प्रसंग मोठ्या आवाजातल्या भाषणासारखा लिहिला होता. हॉफमनने तो जागरण करणाऱ्या एकट्या माणसाचा केला. आपण दोघं 'भारी' नाही आहोत, आणि आपल्यासारख्यांना लिहिण्याशिवाय गती नाही, हे तो इतक्या सहज सांगतो की त्यात स्वतःची कीवही नाही.

---

नाक्यावरचा

काल पूर्ण पाहिला. शेवट पण.

१) जिमी फॅलन व्यवस्थापक बनून येतो आणि बँडला सांगतो की मिक जॅगर पन्नाशीत रॉकस्टार बनून नाचत असेल असं वाटत असेल तर विसरा. सिनेमा आला तेव्हाच जॅगर ५७ चा होता. २०२४ मध्ये ऐंशी उलटल्यावरही दौऱ्यावर होता. हा विनोद दर वर्षी सुधारतोय.

२) ड्रमर एड अख्ख्या सिनेमात बोलत नाही. विमान पडतंय असं वाटून सगळे पापं कबूल करतात, तेव्हा तो एकच वाक्य बोलतो, 'मी गे आहे', आणि नेमकं तेव्हाच विमान सावरतं. एवढी एकच ओळ असलेली इतकी भारी भूमिका सांगा बरं कुठली.

३) 'मोजो' यंत्र! टेलिफोनवरून पान पाठवतं, आणि एका पानाला फक्त १८ मिनिटं, असं संपादक अभिमानाने सांगतो. आमच्या कचेरीतलं सर्व्हर तेच असावं.

---

खडीसाखर

सगळे लांब आवृत्तीच्या प्रेमात दिसतायत, म्हणून विरोधी मत.

लांब आवृत्ती हा सिनेमा नाही, ते सिनेमाचं गोदाम आहे. संकलनासाठी (जो हटशिंग आणि सार क्लाइन) छोट्या आवृत्तीला ऑस्कर नामांकन होतं आणि ते उगाच नव्हतं. आता बघा, रेडिओचा प्रसंग विनोदी आहे, मान्य. पण तो नसताना आपण विल्यमबरोबर प्रश्न विचारत राहतो की हे लोक थोर आहेत की सामान्य? ते रसेलच्या फोनवरच्या नकारापर्यंत ठरत नाही. रेडिओ केंद्रावर ते आधीच ठरून जातं. धागाकर्ते याला 'बँड लहान होतो' म्हणून गुण देतात, मला तिथे ताण गेल्यासारखा वाटतो. टी-शर्टचं भांडण पुरेसं आहे की. नव्या टी-शर्टवर रसेल स्पष्ट आणि बाकीचे तिघे मागे धुरकट ठिपके. जेफ (जेसन ली) तो शर्ट उंचावून जे बोलतो त्यात बँडची सगळी कुंडली येते.

'स्टेअरवे'चा प्रसंग कल्पना म्हणून अफलातून, पण सिनेमात ठेवला असता तर पहिल्या अर्ध्या तासातच गाडी रुतली असती. कापला ते योग्यच.

६ कोटी डॉलर खर्चून जगभरात पावणेपाच कोटींच्या आसपासच कमावले या सिनेमाने. समीक्षक रॉजर ईबर्टने त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट म्हटलं तरी लोक आले नाहीत. पुढे घरोघरच्या डिस्कांनी त्याला जगवलं, त्यामुळे लांब आवृत्तीला भावनिक मोल आहे हे समजू शकते. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती दाखवू नका, पळून जाईल.

---

उलटी चाल

खडीसाखर, पहिल्यांदा छोटीच दाखवावी याला पूर्ण अनुमोदन. ताणाचा मुद्दाही बिनतोड. पण दुसऱ्यांदा बघताना ताण उरलेलाच नसतो, रसेल उलटणार हे माहीत असतं. तेव्हा मला 'कळल्यावरही हा पोर त्यांच्यावर प्रेम का करतो' एवढंच बघायचं असतं आणि त्याला ती जादाची ४० मिनिटं उपयोगी पडतात.

---

ओवी

इतकं बोलल्यावर लांब आवृत्ती बघणं भाग होतं. आत्ताच संपली.

पेनीला थोडं जास्त मिळालंय, पण तिचा एकटीचा, विल्यम किंवा रसेल बघत नसतानाचा प्रसंग जवळजवळ नाहीच. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. विमानात सगळ्यांना कबुलीजबाब मिळतो. ड्रमरलासुद्धा. पेनी त्या विमानात नाही. गोळ्यांच्या रात्रीनंतर ती वेगळ्या विमानाने घरी गेलीय. तिच्याबद्दल बँडवाले वाटेल ते बोलतात तेव्हा विल्यम फुटतो. ती तुमची चाहती होती, तुम्ही तिला वापरलंत, काल रात्री ती मरता मरता वाचली आणि तुम्ही बॉब डिलनबरोबर होतात. अख्ख्या सिनेमातलं सर्वांत खरं बोलणं ते, पण ते तिच्या वतीने, तिच्या गैरहजेरीत.

पेनीची मैत्रीण सफायर (फेरुझा बाल्क) शेवटी रसेलला सुनावते, की एखाद्या फालतू बँडवर किंवा गाण्याच्या एका तुकड्यावर जीव दुखेपर्यंत प्रेम करणं काय असतं हे या नव्या पोरींना माहीत नाही. हे वाक्य पेनीच्या तोंडी का नाही?

---

नाटक्या

ओवी, विमानातलं ते फुटणं हेच विल्यमचं पहिलं परीक्षण असं मला वाटतं. कलाकारासमोर उभं राहून, तोंडावर, दुसऱ्या अंकाच्या लयीच्या गोष्टी न करता. लेख नंतर लिहून होतो, धाडस तिथे होतं.

---

उलटी चाल

अगदी. आणि म्हणून प्रश्न पडतो की ते लेखात आलं का? आपल्याला मासिकाचं मुखपृष्ठ दिसतं, लेख छापून आल्याचं कळतं, रसेलने फोन करून सगळं खरं असल्याचं सांगितल्याचं कळतं. लेखात काय आहे ते क्रो वाचून दाखवत नाही. पेनी त्यात आहे की नाही?

---

बासवाला

नाही. साधा हिशेब आहे. रसेलने सगळ्या मजकुराला होकार दिला. मासिक देशभर विकलं जातं. लेस्लीला वाचता येतं.

---

ओवी

म्हणजे विमानातून उतरवली आणि लेखातूनही. तरी रसेलला विल्यमच्या घराचा पत्ता स्वतःचा म्हणून देऊन फसवते तीच, आणि त्यामुळेच शेवटची मुलाखत होते. लेखात नसली तरी लेखाचं काम तिने केलंय, मानधन शून्य.

---

उलटी चाल

बासवाला, तुमचा हिशेब आवडला नाही पण खोडताही येत नाहीये. लेस्लीच्या बाजूने हा सिनेमा पुन्हा बघावा लागणार. जर्सीकर, त्या समालोचन-फितीत अ‍ॅलिसबाई पेनीबद्दल काय म्हणतात ते ऐकून इथे लिहाल का? माझ्या डिस्कवर ती फीत मध्येच अडकतेय.